घरी बसून घेतलेली हरकत

माझ्या माहेरी एखाद्याला काही पटलं नाही तर तो भांडायला जात नाही, घरी बसतो. दार सताड उघडं ठेवतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा ओट्यावर बसतो आणि बोलावणं आलं तरी उठत नाही. बाहेरच्याला हा आळस वाटेल. माझ्या सासरच्यांना, म्हणजे धरणगावकडच्या मंडळींना, तो माझ्या लग्नापासून शिष्टपणाच वाटत आला. त्यांच्याकडे पटलं नाही की माणूस चौकात उभा राहून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं बोलतो. मला आताशा दोन्ही प्रकार सारखेच निरुपयोगी वाटतात, पण त्याला वयही कारण असेल.

माझं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठाला. नदीवर जुना दगडी बंधारा आहे. तिथून पाट निघतो आणि गावाची बागायत भिजवतो. ही बागायत फडांत वाटलेली. फड म्हणजे एका सलग पट्ट्यातली सगळ्यांची शेतं. पुष्कळ घरांचे तुकडे एकाहून जास्त फडांत, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा कुठल्या फडात ऊस, कुठल्या फडात गहू-हरभरा आणि कुठला फड मोकळा ठेवायचा, हे कुणा एकाच्या मनावर नाही, गावाच्या मनावर. पाणीही स्वतःचं स्वतः घ्यायचं नाही. गावाने नेमलेला पाटकरी सोडेल तेव्हा आणि तेवढंच. जमीन ज्याची त्याची, पण तिचं काय करायचं हे सगळ्यांचं. माझ्या शहरातल्या शेजाऱ्यांना हे सांगितलं की ते माझ्याकडे जरा संशयाने बघतात.

हे सगळं ठरायचं आखाजीला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकीबाळींचा सण. आम्ही सासरहून यायचो, निंबाच्या झाडाला झोके बांधलेले असायचे, घरोघरी खापरावर मांडे चाललेले असायचे, आणि तिकडे मारुतीच्या पारावर पुरुषमंडळी फडाच्या बैठकीला जमायची. बैठकीची रीत अशी, की प्रत्येक घरातून एक माणूस आल्याशिवाय ती सुरूच होत नसे. एखादं घर आलं नाही तर त्याचा अर्थ सगळ्यांना कळायचा. त्या घराला काहीतरी पटलेलं नाही.

मी शाळेत असताना एका आखाजीला आमचे आबा घरी बसले होते. त्या वर्षी नदीला पाणी कमी आणि वरच्या फडात ऊस लावायचा घाट काही घरांनी घातलेला. आमची बरीचशी जमीन शेवटच्या फडात, पाट संपतो तिथे. वर उसाने पाणी प्यायलं असतं तर आमच्यापर्यंत ओलावाही आला नसता. आबा एक शब्द बोलले नाहीत. ओट्यावर बसून सुतळी वळत राहिले. आई चिडली होती, कारण तिच्या हातात पुरण होतं आणि आता बैठकीतली सगळी म्हातारी मंडळी घरी येणार हे तिला माहीत होतं. तशी ती आलीच. "उनात," म्हणजे आले, एवढंच आई म्हणाली. जोडे खाली काढून ओट्यावर बसली, पाणी प्यायली, चहा प्यायली, पाऊसपाण्याचं बोलली. मग त्यांच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्याने विचारलं, "काय म्हननं शे तुमनं?"

तोवर आबांनी तोंड उघडायचं नसतं. विचारलं की मात्र काहीही हातचं राखायचं नाही. आबा बोलले, बराच वेळ बोलले. मंडळींनी ऐकून घेतलं, दोन-चार जण कुरकुरले आणि त्या वर्षी ऊस रद्द झाला. त्यानंतरची गोष्ट मला जास्त लख्ख आठवते. आबा उठले, खुंटीवरची टोपी घातली आणि त्या मंडळींबरोबर पारावर चालत गेले. रीतीचा हा दुसरा अर्धा भाग. कुणी घरी येऊन विचारलं, तुमचं ऐकून घेतलं, की मग उठायचं आणि त्यांच्याबरोबर जायचं. अडून बसायचं नाही.

आबा गेले, आणि शेवटच्या फडातली जमीन माझा धाकटा भाऊ कसायला लागला. मी हक्कसोड करून दिली, जशी आमच्याकडच्या बहुतेक बहिणी देतात, आणि त्याबद्दल मला कधी वाईटही वाटलं नाही. मी जळगावला शाळेत भूगोल शिकवला. त्यात 'भूमी उपयोजन' नावाचा एक धडा असायचा. तो शिकवताना मी नेहमी फडाचं उदाहरण द्यायचे आणि पोरं नेहमी जांभया द्यायची. तो धडा एक दिवस माझ्याच घरी येऊन बसेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

नवा कायदा आला तेव्हा मी निवृत्त झाले होते. कायद्याची भाषा गोड होती. विकासाला गती, परवानग्यांचा जाच कमी, असं बरंच काही. मी तो दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचताना माझा विश्वास बसला नाही. आमच्याकडे शेतजमिनीवर वसाहत उभी करायची तर आधी ग्रामसभेपुढे जावं लागे. आता महामार्गालगतच्या पट्ट्यात ते लागणार नव्हतं. विकासकाने अर्ज करायचा, कार्यालयाने नोटीस लावायची, आजूबाजूच्या जमीनमालकांची एक सुनावणी घ्यायची आणि कुणाची हरकत नसेल तर मंजुरी. गावाने गावाच्या जमिनीबद्दल बोलायची जागा कापून त्या जागी एक दुपार ठेवली होती.

जळगावात आम्ही काही जणांनी या कायद्याला विरोध करायचं ठरवलं. आम्ही म्हणजे काही निवृत्त मास्तर-मास्तरणी, सावद्याकडचे काही केळीवाले आणि एक वकील, जे प्रत्येक आंदोलनात असतात आणि कुठल्याच आंदोलनात शेवटपर्यंत नसतात. आम्ही कचेरीसमोर भर उन्हात मांडव टाकून बसलो. आमचा निषेधाचा फलक ज्या दुकानातून छापून आणला, त्याच दुकानाच्या भिंतीवर शहरातल्या साऱ्या प्लॉटिंगवाल्यांच्या जाहिराती सुकायला लावलेल्या होत्या. कारंजी, हिरवळ, हसणारं कुटुंब. दुकानदार म्हणाला, मॅडम, तुमचा मजकूर फार मोठा आहे, कोणी वाचणार नाही. त्याचं खरं होतं. निवेदन घेणाऱ्या साहेबांनीही ते वाचलं नाही, फक्त पोच दिली. एक-दोन आठवड्यांत मांडवात आम्हीच एकमेकांकडे बघत बसायला लागलो, आणि मग मांडववाल्याने मांडव लग्नाला नेला.

गावाकडे त्याच सुमाराला महामार्गालगतच्या वरच्या फडातली जमीन गेली. ती विकणारी घरं सुरतेला आणि नाशिकला स्थायिक झालेली होती. गावात त्यांच्या दाराला फक्त कुलूप होतं. उघड्या दाराचं काय करायचं ते आमच्या रीतीला ठाऊक होतं, कुलपाचं काय करायचं ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पाट याच जमिनीतून खाली येतो. घेणाऱ्याने तिथे बंगल्यांची वसाहत आखली आणि महामार्गावर कारंज्याचं चित्र लावलं. ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला. एकमताने केला. ठरावाची आता गरजच उरली नव्हती हे भावाला फोनवर सांगताना माझाच आवाज चढला. तो शांतपणे म्हणाला, "पाट बुजना तं शेवटला फड बुजना, अक्का." एवढंच. माझा भाऊ मुळात कमी बोलतो. त्याचं सगळं त्या पाटाच्या शेपटाला होतं, त्याची जमीन, त्याची कमाई, आबांनी लावलेला आंबा. पाणी आलं नाही तर त्याच्याकडे विकण्याशिवाय दुसरं काही राहणार नव्हतं, आणि घेणारा एकच होता.

सुनावणीची नोटीस लागली तेव्हा मी त्याला पुन्हा फोन केला. तारीख सांगितली, धुळ्याला कुठल्या कार्यालयात ते सांगितलं, उभं राहून काय बोलायचं तेही सांगितलं. तो म्हणाला, काळजी करू नको, बठ्ठ्या गावाचं एकमत आहे, फडाच्या रीतीनेच ठरलंय. मला इतका आनंद झाला की मी त्याला पुढे काही विचारलं नाही. इतकी वर्षं शहरात काढल्यावर एकमत म्हणजे सगळे येणार, ट्रॅक्टर भरून येणार, हेच डोळ्यांपुढे आलं. मी सकाळची बस पकडून जळगावहून धुळ्याला गेले. बरोबर डब्यात दशम्या घेतल्या होत्या, गावच्यांना पुरतील एवढ्या.

कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकं होती. मी बसले. विकासकाकडून कडक इस्त्रीच्या शर्टातला एक वकील आला होता आणि त्याच्या हातात नकाशा होता. त्याने तो मला अगदी आनंदाने दाखवला. आमचा पाट त्यात बंधाऱ्यापासून निळा येत होता, वसाहतीच्या हद्दीत शिरताना तुटक तुटक होत होता आणि पलीकडे पुन्हा निळा. मी विचारलं हे तुटक म्हणजे काय. तो म्हणाला, भूमिगत पाईप, मॅडम, एकदम आधुनिक. मी रस्त्याकडे बघत राहिले. साक्रीकडून येणारी प्रत्येक गाडी मला आमच्या गावची वाटत होती.

शिपायाने दारात येऊन गावाचं नाव पुकारलं. मग परत पुकारलं. व्हरांड्यात मी एकटी उभी राहिले. आतल्या अधिकारी बाई माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. त्यांच्याबद्दल मला आजही वाईट बोलवत नाही.

"तुमचं नाव सातबाऱ्यावर आहे का, मॅडम?"

मी म्हटलं, नाही. माहेर आहे माझं. हक्कसोड दिली आहे.

त्या म्हणाल्या की मग माझं म्हणणं नोंदवून घेता येणार नाही, नियमात फक्त जमीनमालक आहेत. तरी त्यांनी आणखी थोडा वेळ वाट बघितली, हेही मला सांगायला हवं. मग त्यांनी लेखनिकाला सांगितलं, तो मोठ्याने म्हणत टाईप करत गेला, की नोटीस देऊनही कोणीही हजर नाही, सबब कोणाचीही हरकत नाही. मी तिथेच बसून ते ऐकलं. अख्ख्या गावाची हरकत होती, आणि मी तिच्या वतीने एक शब्द बोलू शकत नव्हते. मला राग आला. कोणावर रागवायचं हेही कळत नव्हतं, म्हणून मी गावावरच रागावले.

बाहेर येऊन फोन लावला. मी काही बोलायच्या आत भाऊच बोलला, आणि त्याच्या आवाजात इतका अभिमान मी कधी ऐकला नव्हता.

"एक बी घर गयं नही, अक्का. बठ्ठं गाव घरमा बसेल शे."

त्याने मला सगळं सांगितलं. सकाळपासून कोणी शेतावर गेलेलं नव्हतं. सगळ्यांची दारं उघडी होती. ज्या दोन भावकींचं एकमेकांशी पटत नाही, त्याही घरी बसल्या होत्या. पारावर सतरंज्या अंथरल्या होत्या, डेअरीला घालायचं दूध राखून ठेवलं होतं, कारण साहेब किती जण येतील आणि चहा किती लागेल याचा अंदाज नव्हता. एखादं घर घरी बसलं तर बैठक थांबते, इथे तर गावच्या गाव घरी बसलं होतं. यापेक्षा मोठा नकार आमच्या गावाला माहीतच नव्हता. मग त्याने मला विचारलं, "त्या कवय येतीन?"

कधी येतील ते साहेब. मी कार्यालयाच्या पायरीवर बसले आणि त्याला सांगितलं की ते येणार नाहीत. न जाणं म्हणजे तिथे होकार धरतात. पलीकडे आमच्या गल्लीतली कोंबडी ओरडत होती.

"पन इचाराले तं पाहिजे ना," तो म्हणाला.

मी रडले. भर रस्त्यावर, डबा मांडीवर घेऊन. त्या दशम्या मी तशाच जळगावला परत आणल्या आणि घरी कोणी खाल्ल्या नाहीत.

पुढे अपील केलं, ते अजून कुठेतरी आहे. आमचे वकील म्हणाले गैरहजेरीची नोंद फार वाईट पडली. ग्रामसभेने आणखी एक ठराव केला, तोही एकमताने. मी एकदा त्या अधिकारी बाईंना भेटून गावाची रीत समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी मनापासून ऐकलं आणि मग विचारलं, की एवढे सगळे एक होते तर एखादा माणूस का नाही पाठवला? माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्या खोलीत चालणारं नव्हतं.

पाईप टाकला गेला. पाट उघडा होता तेव्हा आखाजीच्या आधी अख्खं गाव फावडी घेऊन त्यातला गाळ काढायचं. पाईपात कोण उतरणार? पहिल्याच पावसाळ्यात तो गाळाने भरला. वरच्या अंगाला पाणी साचून राहायला लागलं आणि शेवटच्या फडाला येईनासं झालं. वसाहतीची माणसं येतात, पाईपाच्या तोंडाशी काठी घालून बघतात आणि जातात. आमचा पाटकरी आता त्यांच्याच फाटकावर रखवालीला असतो. त्याला तरी काय म्हणायचं, सोडायला पाणीच उरलं नाही.

परवाच्या आखाजीला मी गेले होते. झोका होता, पण त्यावर मोबाईलवर फोटो काढून घेणाऱ्या पोरीच जास्त. वहिनीने मांडे केले. भाऊ सकाळपासून ओट्यावर बसून होता. दार उघडं होतं. मला वाटलं, बैठकीत काहीतरी पटलं नसेल त्याला, म्हणून मी वहिनीला हळूच विचारलं, की बैठक कधी आहे. ती म्हणाली यंदा बैठकच नाही. ठरवायला फडच कुठे राहिलेत. वरचा गेला, मधल्यात ज्याच्या विहिरीला पाणी तो जे वाटेल ते लावतो, शेवटचा कोरडा. पारावर कोणी जमलेलंच नव्हतं. तरी भाऊ घरी बसला होता.

दुपारी एक गाडी येऊन थांबली. त्यातून उतरला तो वसाहतवाल्यांसाठी जमिनी घेणारा दलाल होता, पलीकडच्याच गावचा, आमच्याच बोलीतला. त्याने बूट ओट्याखाली काढले. वर येऊन भावाच्या बाजूला मांडी घालून बसला. पाणी मागून प्यायला. वहिनीने नाइलाजाने ठेवलेला चहा शेवटपर्यंत प्यायला, आंब्याचं विचारलं, उन्हाचं बोलला. मी दाराआडून बघत होते, आणि पुढे तो काय करणार ते मला कळलं होतं. त्यालाही आमची रीत माहीत होती.

"काय म्हननं शे तुमनं, नाना?" त्याने विचारलं.

आणि भाऊ बोलला. एवढं सलग बोलताना मी त्याला जन्मात ऐकलं नव्हतं. पाटाला उतार किती हवा, तो उघडाच का हवा, गाळ कुठे बसतो, वरच्याने पाणी अडवलं की खालच्याचं काय होतं, आबा त्या वर्षी घरी का बसले होते, ऊस का रद्द झाला. धुळ्याच्या त्या खोलीत जे बोलायला हवं होतं, आणि बोलला असता तर निदान कागदावर राहिलं असतं, ते सगळं तो चुकीच्या माणसापुढे शब्दही न चुकता बोलत होता. दलालाने मध्ये एकदाही तोडलं नाही. मान हलवत ऐकलं. शेवटी म्हणाला, "तुमनं बठ्ठं खरं शे, नाना. पन आते पानी येवाव नही."

 भाऊ उठला, आत आला, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. वहिनी चुलीपाशी उभीच राहिली. बाहेर दलाल बूट घालून गाडीचं दार उघडून थांबला होता. मी भावाच्या वाटेत उभी राहिले.

"कोठे चालना, भाऊ?"

तो वाकून चप्पल शोधत होता. त्याने वर बघितलं नाही.

"तो घर उना ना, अक्का," तो म्हणाला. "त्यानी इचारं."